काका, कर्ज पहिल्याच महिन्यात बुडतं का?

आज सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर पुन्हा तो फोटो आला. २०२० च्या जूनमधला अमेरिकेतल्या कोविडचा आलेख, इकडून तिकडे फिरून फिरून धुरकट झालेला. नव्या रुग्णांची लाल रेघ चढतेय, मृत्यूंची काळी रेघ उतरतेय. खाली आमच्या काकांची मल्लिनाथी: "रोग वाढतोय आणि माणसं कमी मरतायत. म्हणजे एक तर रोग खोटा, नाही तर आकडे खोटे. मी तेव्हाच सांगत होतो." त्यावर सतरा अंगठे, दोन जोडलेले हात. एकानं गुलाबाचं फूलही टाकलंय, ते बहुधा सुप्रभातचं उरलेलं असावं.

दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर सोडून दिलं असतं. पण हे काका बँकेत होते, तेही कर्जविभागात, चौतीस वर्षं. कुणाचा हप्ता थकणार हे चेहरा बघून सांगायचे अशी ख्याती. त्या माणसानं हे लिहावं? साथीचे आकडे लावणं हा माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही. पोस्ट लांब होणार आहे. रविवारचे पोहे-जिलबी आणायला जायचं असेल त्यांनी खुशाल जावं.

तर काका, शाखेनं या महिन्यात दहा कोटींचं कर्ज वाटलं. त्यातलं याच महिन्यात किती बुडालं? शून्य. हप्ता नव्वद दिवस थकल्याशिवाय खातं एनपीएत, म्हणजे बुडीत खात्यांत, जातच नाही. या महिन्यात जी खाती बुडीत दिसतात ती जुन्या वाटपातली. वाटप जोरात आणि बुडीत कमी, एवढं बघून "आपल्याकडे कर्ज बुडतच नाही हो" असं म्हणणाऱ्या नव्या पोराला तुम्ही केबिनमध्ये बोलावून काय सुनावलं असतंत ते इथे लिहिता येणार नाही.

तुमच्या फोटोत तेच झालंय. आजचे रुग्ण आणि आजचे मृत्यू ही वेगवेगळ्या माणसांची मोजणी आहे. आज जे गेले ते तीन आठवड्यांपूर्वीचे रुग्ण.

हे तीन आठवडे कुठे जातात? विषाणू शिरल्यापासून ताप-खोकला यायला सुरुवातीच्या वाणात साधारण पाच दिवस. मग "सर्दीच असेल" म्हणत काढा आणि वाफ यात दोन-तीन दिवस. मग स्वॅब, मग रिपोर्टची वाट. रिपोर्ट आला की माणूस 'केस' म्हणून मोजला जातो. दम लागायला लागतो तो लक्षणांच्या सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे बहुतेकदा मोजून झाल्यावर. मग ऑक्सिजन, मग आयसीयू. पहिल्या लक्षणापासून मृत्यूपर्यंत सरासरी अडीच आठवडे, आणि व्हेंटिलेटरवर कुणी पाच-सहा आठवडेही काढतो.

त्यानंतर कागद. मृत्यूच्या दाखल्याच्या पहिल्या भागात कारणांची साखळी लिहायची असते: वरच्या ओळीत तात्काळ कारण, सगळ्यात खालच्या ओळीत मूळ कारण. वर 'श्वसन निकामी', खाली 'न्यूमोनिया', त्याखाली 'कोविड-१९'. मधुमेह, रक्तदाब यांची जागा दुसऱ्या भागात. घाईत कुणी मधुमेह पहिल्या भागातल्या शेवटच्या ओळीत लिहिला की तो माणूस कागदोपत्री मधुमेहानं गेला. शंका आली तर फाइल ऑडिट समितीकडे, आणि समितीची बैठक कधी, तर साहेबांना वेळ मिळेल तेव्हा. म्हणून कधी कधी आकडा अचानक उसळतो. १७ जून २०२० ला देशाच्या यादीत एका दिवसात २,००३ मृत्यू आले, कारण महाराष्ट्र आणि दिल्लीनं मागचे राहिलेले एकदम टाकले. १० जून २०२१ ला ६,१४८, त्यात बिहारचे जुने मिळवलेले. ही माणसं त्या दिवशी गेलेली नव्हती. तुमच्याकडे ३१ मार्चच्या रात्री व्हायच्या तशा या नोंदी.

आता पेन घ्या. आकडे मी मनानं घेतलेत, हिशोब समजण्यापुरते. धरून चालू की शंभर रुग्णांमागे एक दगावतो आणि बरोबर तीन आठवड्यांनी दगावतो. दर कधीच बदलत नाही. पहिल्या चार आठवड्यांत रुग्ण ४,०००, ३,०००, २,०००, १,०००. साथ ओसरली असं वाटतं. मग उलटते: पाचव्या आठवड्यात २,०००, सहाव्यात ४,०००, सातव्यात ८,०००. मृत्यू कसे दिसतील? चौथ्या आठवड्यात ४० (ते पहिल्या आठवड्यातले), पाचव्यात ३०, सहाव्यात २०, सातव्यात १०.

नीट बघा. चौथ्या ते सातव्या आठवड्यात रुग्ण एक हजाराचे आठ हजार झाले आणि मृत्यू चाळीसाचे दहा. अगदी तुमचाच फोटो! त्याच आठवड्याचे मृत्यू त्याच आठवड्याच्या रुग्णांनी भागणारा माणूस म्हणेल, मृत्युदर ४ टक्क्यांवरून ०.१२५ वर आला, बत्तीस पटींनी. प्रत्यक्षात तो सगळा वेळ १ टक्काच होता. विषाणू तोच, औषध तेच, कुणी आकडा लपवलेला नाही. आठव्या आठवड्यात २०, नवव्यात ४०, दहाव्यात ८०. पण तोवर फोटो काढून, फॉरवर्ड करून, सतरा अंगठे मिळवून माणसं लग्नाच्या पंगतीला गेलेली असतात.

आणि ज्या अमेरिकेचा तो आलेख आहे तिथे पुढे काय झालं ते फोटोत नाही. कापलंय. एप्रिल २०२० मध्ये तिथे रोज दोन हजारांवर माणसं मरत होती, जुलैच्या सुरुवातीला आकडा पाच-सहाशेवर आला, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा हजाराच्या वर गेला. शिवाय उतरते मृत्यू मुख्यतः न्यूयॉर्ककडचे, जिथे लाट ओसरत होती. चढते रुग्ण टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोनाकडचे, जिथे ती सुरू होत होती. दोन टोकांच्या दोन लाटा एकाच कागदावर छापल्या. एका शाखेची वसुली आणि दुसऱ्या शाखेचं वाटप शेजारी मांडून निष्कर्ष काढलेला तुम्ही खपवून घेतला असतात का काका?

बरं, हे सगळं फक्त उशिराचं गणित आहे असं मी म्हणत नाहीये. मृत्यूचं प्रमाण खरोखर कमी झालं होतं, आणि त्याची कारणं आहेत. पण ती कारणं 'रोग खोटा' या बाजूला जात नाहीत.

सगळ्यात साधं कारण छेदातलं. सुरुवातीला तपासणी कुणाची व्हायची? परदेशातून आलेले, त्यांच्या संपर्कातले आणि दवाखान्यात धापा टाकणारे. घरी तीन दिवस कणकण येऊन बरा झालेला मोजलाच जात नव्हता. समजा गावात खरे रुग्ण हजार आणि मृत्यू दहा. तपासून सापडले शंभर, तर दर १० टक्के. सापडले पाचशे, तर २ टक्के. मेली तेवढीच माणसं. २१ ऑगस्ट २०२० ला देशात एका दिवसात दहा लाखांवर चाचण्या झाल्या, मार्चमध्ये त्या काही हजारांत होत्या. छेद फुगला. काका, दहा कोटींच्या कर्जात पन्नास लाख बुडीत म्हणजे ५ टक्के, आणखी दहा कोटी वाटले की तेच पन्नास लाख अडीच टक्के. एक पैसा वसूल न करता शाखेचा आकडा सुधारतो. ही युक्ती तुम्हाला मी शिकवायची?

"मग केसेस चाचण्यांमुळेच वाढल्या!" हे उत्तर तयार असेलच, गुलाबवाल्यांकडून. ते तपासता येतं. शंभर नमुन्यांत किती पॉझिटिव्ह, ते बघायचं. नुसत्या चाचण्या वाढल्या असतील तर हे प्रमाण घसरतं, कारण आता सर्दीवालेही तपासले जातात. चाचण्याही वाढल्या आणि प्रमाणही वाढलं, तर रोगच पसरतोय. मात्र चाचणी कुठली तेही बघावं. आरटीपीसीआर कमी करून रॅपिड किट वाढवले की प्रमाण कागदावर उतरतं, कारण किटमधून बरेच रुग्ण निसटतात. नाकात स्वॅब वरवर फिरवला, नीट मागपर्यंत नेला नाही, की आणखी निसटतात.

दुसरं कारण वय. यावर लोक मान डोलावतात आणि विसरतात. २०२० मधल्या वाणाचा, लस नसतानाचा आणि श्रीमंत देशांतल्या आकड्यांवरून काढलेला अंदाज असा: २५ व्या वर्षी संसर्ग झालेल्या दहा हजारांत एक मृत्यू, ५५ ला हजारात चार, ६५ ला हजारात चौदा, ७५ ला हजारात सेहेचाळीस, ८५ ला शंभरात पंधरा. जिन्याची पायरी किती उंच होत जाते बघा. पहिल्या लाटेत तिकडे रोग वृद्धाश्रमांत शिरला, म्हणून माणसं पटापट गेली. मग म्हातारे घरात बसले आणि पोरं बाहेर पडली. रुग्णांचं वय उतरलं की मृत्यू आपोआप कमी दिसतात, कुठल्याही एका वयात मरण्याची शक्यता तसूभरही न बदलता.

यातली मेख आपल्याकडे जास्त टोचते. आपलं घर म्हणजे आजी, आई-बाबा, मुलं आणि एक न्हाणीघर. इंदूरच्या छप्पन दुकानवर शनिवारी रात्री खाऊन आलेला नातू आठवड्याभरात आजीच्या ताटापर्यंत पोचतो. तरुणांची लाट आली की म्हाताऱ्यांची लाट वाटेत आहे एवढं समजावं. तीन आठवडे उशीर मृत्यूचा, त्यात एक-दोन आठवडे नातवाकडून आजीकडे जायचे. तेवढा काळ दोन्ही रेघा छान उलट्या दिशेनं चालतात, आणि तेवढाच काळ ग्रुपवर शहाणपण चालतं.

चिडलेच आहे तर औषधांचंही लिहिते, कारण त्यातही आपण घाण केली. १६ जून २०२० ला ब्रिटनमधल्या रिकव्हरी या चाचणीचा निकाल आला: डेक्सामेथासोन, रोज ६ मिलीग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. जुनं, काही रुपयांचं स्टेरॉइड. व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशानं. व्हेंटिलेटरवरच्या आठ जणांना दिलं की एक वाचतो. आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा शून्य. हे शेवटचं वाक्य कुणी वाचलंच नाही. २०२१ मध्ये पहिल्या तापाला चिठ्ठीवर स्टेरॉइड, दुप्पट डोस, पंधरा-पंधरा दिवस, साखर तपासायची नाही. शुगर चारशेवर, आणि मग म्युकर, म्हणजे ती काळी बुरशी. आपल्या इंदुरात म्युकरचे वॉर्ड भरले होते, विसरलात? तिकडे दवा बाजारात लोक रेमडेसिव्हिरसाठी उन्हात रांगा लावून उभे होते, आणि त्या औषधानं मृत्यू टळत असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत दिसलं नव्हतं, ते आदल्या ऑक्टोबरमध्येच कळलेलं.

बाकी शिकलेलं बरंच कामी आलं. पालथं झोपवणं, व्हेंटिलेटरची घाई न करणं, रक्ताच्या गुठळ्यांसाठी हेपारिन, आणि घरोघरी आलेलं ते चिमटा ऑक्सिमीटर. (नेलपेंट काढा, हात गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. थंड बोटावर ८८ बघून अर्ध्या रात्री धावलेली घरं आहेत.)

पण हे शिकलेलं सगळं खाट असेल तर. म्हणूनच मृत्युदर म्हणजे विषाणूच्या कपाळावर कोरलेला आकडा, ही समजूत मला डोक्यात जाते. तोच विषाणू, तोच आठवडा, एका शहरात खाट आहे आणि दुसऱ्यात नाही, की दर बदलला. जंबो सिलिंडरमध्ये साधारण सात हजार लिटर ऑक्सिजन. मिनिटाला दहा लिटर लागणाऱ्याला तो साडेअकरा तास पुरतो. हाय फ्लोवर मिनिटाला साठ लिटर ओढायला लागला तर दोन तासही नाही. लहान सिलिंडर दीड हजार लिटरचा, दहाच्या धारेवर अडीच तास. तीस खाटांच्या वॉर्डात टँकर सहा तास उशिरा आला तर काय होतं त्याचा हिशोब काकांनीच करावा. रुग्ण दुप्पट झाले की मृत्यू दुप्पट होतात हे खाटा संपेपर्यंतचं गणित. त्यानंतरच्या गणिताला दुपटीची शिस्त राहत नाही.

मान्य, ओमायक्रॉनमध्ये खरंच मृत्यू कमी झाले. २१ जानेवारी २०२२ ला देशात ३,४७,२५४ नवे रुग्ण आणि ७०३ मृत्यू. त्यातली थोडी घट उशिराच्या गणितातली, बाकी खरी. विषाणू फुप्फुसाच्या खोल भागापेक्षा श्वासनळ्यांत जास्त वाढणारा निघाला. पण "बघा, सौम्य झाला" म्हणणाऱ्यांनी त्याच वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमधलं हाँगकाँग बघावं. तोच ओमायक्रॉन. तिथल्या ऐंशीच्या पुढच्या लोकांनी मोठ्या संख्येनं लस घेतली नव्हती, आणि मढी ठेवायला जागा पुरेना. आपल्याकडे तोवर लस पोचली होती, आणि दुसऱ्या लाटेपर्यंत बहुतेकांना एकदा होऊनही गेला होता. हे दुसरं संरक्षण आपण कुठल्या भावानं विकत घेतलं ते सगळ्यांना माहीत आहे. लशीनं संसर्ग थांबला नाही हेही खरं. नाकाघशातला पहारा काही महिन्यांत सैल होतो, आजार फुप्फुसात खोल जाऊ न देणारी आतली फौज जास्त टिकते. म्हणून लस घेतलेल्यांच्या गावात रुग्ण भरपूर आणि तिरड्या कमी, हे चित्र खोटं नसतं. लस काम करत असली की ते असंच दिसतं.

आणि 'प्रत्येक साथीचा विषाणू हळूहळू सौम्य होतोच' हा नियम कुठल्या ग्रंथात आहे? आपल्या पणजीला विचारायला हवं होतं. १९१८ ची मानमोडी, म्हणजे फ्लूची साथ, मुंबईत जूनमध्ये आली तेव्हा लोक तापानं झोपले आणि बहुतेक उठले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परत आली तेव्हा घरंच्या घरं बसली. विषाणूला माणूस जगवण्यात काय फायदा? कोविडचा रुग्ण रोग पसरवतो तो मुख्यतः लक्षणांच्या आगेमागे काही दिवस. तिसऱ्या आठवड्यात तो मेला काय आणि वाचला काय, विषाणू कधीच शेजारी पोचलेला असतो.

आता आकडे लपवण्याचं. हो, लपले. लिहायला आवडत नाही पण लपले. स्मशानातल्या चिता आणि बुलेटिनचा आकडा जुळत नव्हता हे सगळ्यांनी पाहिलंय. २०२१ संपताना सरकारी मृत्यू ४ लाख ८१ हजारांच्या आसपास, आणि जागतिक आरोग्य संघटनेचा त्या दोन वर्षांतल्या जादा मृत्यूंचा, म्हणजे एरवी होतात त्याहून जास्त झालेल्यांचा, अंदाज ४७ लाख. सरकारनं तो नाकारला. पण काका, यातून तुमचा मुद्दा उलटाच ठरतो. आकडे खोटे होते, तर खरी माणसं जास्त मेली होती. 'रोग खोटा' आणि 'आकडे लपवले' ही दोन वाक्यं एका तोंडात राहूच शकत नाहीत.

मी इथपर्यंत लिहिलं, ग्रुपवर आधी चार ओळी टाकल्या, जरा जास्तच तिखट. काकांचं उत्तर आत्ता आलं. फॉरवर्ड नाही, स्वतः टाइप केलेलं, चुकांसकट: "ते सगळं ठीक. मग आमचा धाकटा भाऊ केसेस उतरत असताना कसा गेला? तेव्हा टीव्हीवर रोज सांगत होते, उतरल्या, उतरल्या."

मला हे माहीत होतं. म्हणजे ते गेले हे माहीत होतं. हा प्रश्न काका चार वर्षं घेऊन बसलेत आणि तो धुरकट फोटो त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून फिरवतायत, हे लक्षात आलं नव्हतं. ग्रुपवरच्या चार ओळी काढून टाकल्यात. वरचं 'गुलाबवाले' तसंच ठेवतेय, ते काकांसाठी नाही.

काका, ६ मे २०२१ ला देशात सगळ्यात जास्त रुग्ण सापडले, ४,१४,१८८. त्यानंतर रेघ खाली वळली. १८ मे ला रुग्ण २,६७,३३४ वर उतरले होते, टीव्हीवाले खोटं बोलत नव्हते. आणि त्याच दिवशी मृत्यू ४,५२९, त्या लाटेतले तोवरचे सगळ्यात जास्त. तुमच्या फोटोतल्या दोन रेघा, उलट्या बाजूनं.

काकूंनी तेव्हा सांगितलं होतं, भाऊजींचा रिपोर्ट २६ एप्रिलला आला. गेले १८ मे ला. बावीस दिवस. ते उतरत्या रेघेतले नव्हतेच काका. त्यांची केस २६ एप्रिलच्या खान्यात आहे, जेव्हा रेघ सरळ वर चालली होती आणि इंदुरात खाट मिळत नव्हती.

बाकीचं ग्रुपवर नको. संध्याकाळी घरी येते, वही घेऊन.